नानासाहेबांची स्वयंपूर्ण विहीर

नानासाहेबांनी भर सभेत सांगितलं होतं, विद्यापीठाचं नाव बदललं तर मी मराठवाडा सोडीन. टाळ्या लई पडल्या. पुढं नाव बदलणारच अशी हवा झाली तसे नानासाहेब खरोखर निघाले, आणि आले कुठं, तर पडेगावला. शहरातल्या बंगल्यापासून रिक्षानं अर्धा तास. आम्ही नाक्यावर चहा पीत बसलो होतो. सामानाचा ट्रक बघून कुणीतरी म्हणालं, "नाना, मराठवाडा अजून संपला नाय जी, लई लांबपर्यंत हाय."

नानासाहेब म्हणाले, "मनानं सोडलाय."

झालं असं होतं, की त्या साली नावावरून शहरात बंद झाले, संचारबंदी लागली आणि बंगल्यावर दूध आलं नाही. वाळूजच्या कारखान्यांना जमीन देऊन आणि वर त्यांनाच मजूर पुरवून गब्बर झालेला माणूस. त्याला जन्मात पहिल्यांदा काळा चहा प्यावा लागला. त्यांनी कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "समाज संपला."

अठ्ठ्याहत्तर साली ह्याच नावापायी गावोगाव गरिबांची घरं जाळली, तेव्हा समाज संपला नव्हता. तेव्हा नानासाहेबांकडं दूध वेळेवर येत होतं.

ह्या काळ्या चहाला शास्त्राची जोड दिली प्राध्यापक सर्जेरावांनी. हे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे, म्हणजे मस्टरवर सही करून घरी यायचे. उरलेल्या वेळात जग बुडणार ह्याचा अभ्यास. वीज जाणार, पेट्रोल आटणार, कारखाने बसणार, शहरं एकमेकांना खाणार. तगायचं असंल तर चार घरांनी मिळून जुन्या खेड्यासारखं राहायचं. मातीतून घ्यायचं, मातीला परत द्यायचं. बाहेरचं काही आणायचं नाही. बोलणं वाईट नव्हतं. वाईट एवढंच, की बोलणाऱ्याच्या बोटाला माती लागली की तो रुमाल शोधायचा.

तर नानासाहेबांच्या पडीक रानात, दौलताबाद रोडच्या अंगाला, 'स्वयंपूर्णा वसाहत' उभी राहिली. सात-आठ घरं. सगळे रिटायर साहेब आणि त्यांच्या बायका. घरं सिमेंटची, पण वरून मातीचा लेप, आणि तो लेप द्यायला बाया आमच्या गावच्या. गेटवर पाटी: 'बाहेरील वस्तूंना प्रवेश नाही.' ती पाटी शहरातून रंगवून आणली होती.

सूर्यचूल आली. आरशाच्या त्या पेटीत सकाळी डाळ घातली की सूर्य मावळेपर्यंत डाळ विचार करायची आणि मग नकार द्यायची. गोबरगॅस बांधला, पण शेण देणारी म्हैस एकच. त्या गॅसवर चहा नाही झाला, चहाला नुसती आशा लागली. मग नानासाहेबांच्या मंडळी आवडाबाई संध्याकाळी नाक्यावर निरोप धाडायच्या आणि भागूबाईच्या गाड्यावरची भजी पितळी डब्यातून, वर कडुनिंबाचा पाला झाकून, आत जायची. पाला वसाहतीचा, भजी बाहेरची. गेटवरच्या गड्याला विचारलं तर म्हणायचा, "औषध हाय."

खरी पंचाईत जमिनीची. रान सगळं मुरमाड. हरभरा पेरला तर तोही उगवायच्या आधी विचारात पडला. दुकानातलं खत चालणार नाही. मग सर्जेरावांना कुणीतरी सांगितलं, की पूर्वी लोक रानात मेंढरं बसवत. आणि अशी बानाबाई आत आली.

बानाबाई धनगराची. तिचा नवरा मल्हारराव वाळूजला कारखान्यात वॉचमन. ज्या गायरानात त्याची मेंढरं चरायची, तिथंच आता तारेच्या कुंपणाआड शिट्टी घेऊन उभा. मेंढरू आलं की हाकलायचं, हीच त्याची नोकरी. पहिल्या महिन्यात त्यानं स्वतःचीच मेंढरं दोनदा हाकलली आणि साहेबाची शाबासकी घेतली. तेव्हापासून शंभरावर मेंढरांचा तो कळप बानाबाई एकटी सांभाळायची. चारा कुठंही कसाबसा मिळायचा, पाणी मिळायचं नाही. नाल्याला पाणी होतं, पण ते आज पिवळं, उद्या जांभळं. मागच्या उन्हाळ्यात ते पिऊन तिची अर्धी कोकरं गेली होती. आणखी एक उन्हाळा तसा गेला तर कळप मोडायचा आणि मल्हाररावाशेजारी झाडू घेऊन उभं राहायचं, एवढंच तिच्यापुढं होतं.

आणि नानासाहेबांच्या रानात विहीर होती. दगडी, रुंद, बाराही महिने पाणी.

सौदा तोंडीच झाला. दिवाळीपासून मेंढरं रात्री रानात बसायची, लेंड्या-मूत रानाचं. बदल्यात पाऊस पडेस्तोवर विहिरीवरच्या हौदातलं पाणी मेंढरांचं. बानाबाई म्हणाली, "नानासायब, तुमचा सबूद सभेतला नको. भंडारा उचला."

नानासाहेबांनी तिच्या पिशवीतला खंडोबाचा भंडारा उचलला, कपाळाला लावला. संध्याकाळपर्यंत पिवळं कपाळ घेऊन हिंडले. लोकांना वाटलं कावीळ झाली.

मेंढरांनी काम चोख केलं. आज ह्या तुकड्यात, उद्या त्या तुकड्यात मेंढरांचा वाडा सरकत गेला आणि दोन महिन्यांत मुरूम काळा पडायला लागला. हरभरा गुडघ्याला आला. अख्ख्या वसाहतीत एवढी एकच गोष्ट धडपणे चालली. साहजिकच समितीनं ती बंद करायचं ठरवलं.

संक्रांतीच्या सकाळी बानाबाई मेंढरं घेऊन हौदावर आली तर सर्जेराव तिथं उभे.

"बाई, उद्यापासून हौद बंद. समितीनं पाण्याचं नियोजन केलंय. मेंढ्या वसाहतीच्या घटक नाहीत."

"घटक म्हंजे?"

"म्हणजे... त्या आपल्या नाहीत."

"आन् त्यांच्या लेंड्या?"

"त्या मातीत मिसळल्या. त्या आता आपल्या."

बानाबाई तडक नानासाहेबांच्या ओट्यावर गेली. "नानासायब, भंडारा उचललाव तुमी."

नानासाहेब पाटावर बसून तिळगूळ मोडत होते. "बानाबाई, मी उचलला. समितीनं कुठं उचललाय? माझं एकट्याचं काही चालत नाही गं इथं. हे घे, तिळगूळ घे, गोड बोल."

बानाबाईनं तिळगूळ घेतला आणि त्यांच्या देखत कुत्र्याला घातला. कुत्र्यानंही हुंगून सोडला. तो गूळ वसाहतीत बनवला होता.

त्या दिवशी दुपारी मोटेचं उद्घाटन होतं. आधी हे सांगायला पाहिजे, की विहिरीवर चांगली विजेची मोटार होती. पण वीज म्हणजे बाहेरची. म्हणून मोटार काढून कोठीत टाकली आणि आजोबाच्या काळातली मोट बसवायचं ठरलं. आता चामड्याची मोट शिवणारं कुणी उरलं नाही. ज्यांच्याकडून ती फुकट शिवून घ्यायचे त्यांची पोरं शिकली, कारखान्यात लागली, आणि नानासाहेबांच्या मते समाज संपायचं हेही एक कारण. शेवटी स्कूटरच्या सीटचं लाल रेक्झिन आणून शहरातल्या शिंप्याकडून मोट शिवून घेतली. दिसायला ती मोठ्या पर्ससारखी दिसायची.

बैल नव्हते. सर्जेरावांनी बैलाचा प्रस्ताव फेटाळला होता. "बैल फक्त ओढतो. म्हैस ओढेल आणि दूधही देईल. संकटाच्या काळात प्रत्येक जीव बहुउद्देशीय पाहिजे."

मोटेचं काम असं, की जनावर उतारावरून खाली चालत जातं तेव्हा मोट भरून वर येते. मग जनावरानं उलट्या पावलांनी चढ चढून विहिरीकडं परत यायचं, की मोट पुन्हा पाण्यात. ह्या उताराला धाव म्हणतात. उलटं चालायला आणि काठावर थांबायला बैलाला वर्ष वर्ष शिकवतात. म्हशीला कुणी शिकवत नाही. हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण कुणी बोललं नाही. फुकटचा तमाशा कोण बंद पाडतं? आम्ही तर जेवणं लवकर उरकून आलो.

मांडव टाकला. आवडाबाईंनी त्याच मुहूर्तावर हळदीकुंकू ठेवलेलं. शहरातल्या बायका काळ्या साड्या नेसून आल्या, वाण म्हणून प्रत्येकीला मातीचा एकेक गोळा, आत कडुनिंबाचं बी. त्यांनी तो दोन बोटांत धरून ठेवला, लेकराची घाण धरावी तसा. हरणीला, म्हणजे म्हशीला, शिंगांना गोंडे, गळ्यात झेंडूची माळ. नाव हरणी, पण चालली की जमीन सांगायची कोण चाललंय.

पहिली मोट वर आली! लाल पर्समधून पाणी धो धो काठावरच्या थारोळ्यात पडलं, तिथून हौदात. टाळ्या झाल्या. नानासाहेबांचे डोळे भरून आले. आता हरणी उलटी यायला लागली. एक पाऊल, दोन पावलं. आणि ह्याच वेळी सर्जेराव माईकपुढं उभे राहिले. माईक बॅटरीवरचा, समितीची खास परवानगी.

"बंधू-भगिनींनो, आधुनिकतेच्या ह्या कर्कश गोंगाटात..."

माईकनं अशी शीळ घातली, की विहिरीतली कबुतरं बाहेर आली. हरणी बिथरली. पुढं पळावं तर पुढं काळ्या साड्यांची फौज. ती सुटली मागं. "होऽ होऽ, थांब!" नानासाहेब ओरडले. बैलांची भाषा म्हशीला कळंना. मोट पेलणारं नव्या लाकडाचं मोटवण कडाडलं, कठडा तर कधीचा ढासळलेला होता, आणि हरणी माळेसकट, गोंड्यांसकट, रेक्झिनच्या पर्ससकट, पाठमोरी विहिरीत गेली.

धबाक्.

पाणी इतकं उडालं, की पहिल्या रांगेतल्या बायकांचं हळदीकुंकू चेहऱ्यावरून गळ्यात आलं.

आम्ही काठावरून वाकून बघितलं. हरणी जिवंत होती. म्हैसच ती, पोहत होती. नाक वर, डोळे विस्फारलेले, डोक्यावर मोटेची लाल टोपी. पण विहिरीला पायऱ्या नाहीत, नुसत्या भिंतीतल्या खोबण्या. आणि थंडीचं पाणी.

समितीनं तिथंच काठावर बैठक घेतली. ठराव मांडला सर्जेरावांनी. "विहिरीत पाणी वरपर्यंत भरा. म्हैस तरंगत आपोआप बाहेर येईल."

"भरायला पाणी कुठून आणायचं, सर?"

"विहिरीतून," सर म्हणाले.

मग दोर टाकला. दोर गळ्यात अडकला आणि रिटायर साहेबांनी ओढला. हरणीचा गळा आवळला, इकडं दोन साहेबांना हर्निया आठवला. कुणीतरी खाली उतरून पोटाखालून पट्टा घातला पाहिजे, हे सगळ्यांना पटलं. कोण उतरणार, ह्यावर सगळे आकाशाकडं बघायला लागले. आकाशात पतंग होते.

बानाबाई तोवर मेंढरं मागं सारून काठाला आली होती. तिला हरणीची दया आली असंल, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "ही अंधार पडेस्तोवर आत राहिली तर मरंल. मेली की फुगंल. मग काढणार कोन? पानी नासलं की माझी मेंढरं खपली."

ते ऐकून वसाहतीला पहिल्यांदा कळलं, की मेलेलं जनावर ओढायला आता कुणी येत नाही. त्यांच्या नियोजनात मीठ होतं, काडेपेटी होती, सुईदोरा होता. मेलेलं ढोर कोण ओढणार, हा कॉलमच नव्हता. ते काम पूर्वी आपोआप व्हायचं. माणसं लागायची, पण ती मोजायची पद्धत नव्हती.

"नाक्यावर क्रेन उभी हाय," बानाबाई म्हणाली. घाटात उलटलेले ट्रक उचलायची क्रेन, रोज तिथंच असते. "पर चावी बन्सीच्या खिशात, आन् बन्सी आज गेटावर नाचतोय."

गेट कोणतं, ते विचारायची गरज नव्हती. सकाळपासून दौलताबाद रोडनं ट्रकमागून ट्रक, निळे झेंडे लावून, तिकडंच चालले होते. नावाचा निर्णय त्याच दिवशी व्हायचा होता, तसा तो झाला. वसाहतीत रेडिओ बंद होता म्हणून त्यांच्यापुरतं नाव अजून बदललं नव्हतं.

"मग बोलाव त्याला," नानासाहेब म्हणाले.

"म्या बोलावलं तर येईल. त्याच्या पोरांना दूध माझ्या शेळीचं जातं. पर म्या कामून जाऊ? मी घटक नाय."

आमच्यातल्या काहींनी तोंडात पदर नाहीतर टॉवेल कोंबला. विहिरीतून हरणीनं हंबरडा फोडला. नानासाहेबांनी इकडंतिकडं बघितलं. "बरं बरं. पाणी तुझ्या मेंढरांचं. पावसापर्यंत. झालं?"

"समितीनं म्हनू द्या."

समितीनं, म्हणजे नानासाहेबांसकट एकेका साहेबानं, बायकोच्या डोळ्यांकडं बघत भंडारा उचलला, कपाळाला लावला. सर्जेरावांनीही उचलला आणि लगेच रुमाल शोधला.

"आन् नानासायब, तुमी संगं चला. बाईमानसाच्या सांगन्यानं बन्सी क्रेन काढंल, पर सन सोडून त्यानं कामून यावं ते त्याला मालकाच्या तोंडून ऐकू द्या."

नाक्यावर सांडूची रिक्षा होती. सांडू पडेगावचाच, पण जन्म गेला छावणी-गुलमंडीच्या फेऱ्यांत, त्यामुळं बोलणं निम्मं दखनी.

"काँ जाना, साब?"

"युनिव्हर्सिटी."

"कौनसी?"

"अरे, एकच तर आहे!"

"वो पुरानीवाली तो आज से बंद हो गई बोलते. नई का नाम बोलो, छोडता." सांडूनं हँडलवर हनुवटी ठेवली. तो बिडी ओढत नव्हता, नाहीतर त्या वेळी नक्की शिलगावली असती.

"सांडू, चेष्टा करू नको. म्हैस मरतीय."

"म्हैस के वास्तेच बोल रा हूँ, साब. नाम जल्दी बोले तो जल्दी जाते."

नानासाहेबांचा जबडा हलला. "मराठवाडा..." इथवर गाडी आली आणि रुतली. दुसऱ्यांदा "डॉक्टर" पर्यंत पोचले आणि खोकला आला. मराठवाडा मनानं सोडणं सोपं होतं, हे तोंडानं म्हणणं अवघड. शेवटी बानाबाईनं मागून त्यांच्या पाठीत बुक्की घातली आणि एका दमात ओरडली, "डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ! हाक आता, मुडद्या!"

सांडूनं किक मारली.

गेटवर माणूस मावत नव्हता. हलगी, ताशे, निळा गुलाल, म्हाताऱ्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. नानासाहेब रिक्षातून उतरले तेच कुणीतरी त्यांच्या तोंडात लाडू कोंबला, दुसऱ्यानं कपाळाला निळा गुलाल फासला, तिसऱ्यानं त्यांना खांद्यावर घ्यायचा विचार केला, पण वजनाकडं बघून सोडला. कपाळावर मघाचा भंडारा, त्यावर निळा. दोन्ही मिळून हिरवं झालं.

बन्सी कमानीखाली नाचत होता. सडपातळ, तिशीतला, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. त्यानं बघितलं आणि हलगीवाल्याला हातानं थांबवलं.

"आं? नानासाहेब? तुमी तर मराठवाडा सोडनार होते न जी?"

नानासाहेबांच्या तोंडात लाडू. बानाबाईनं सांगितलं काय झालं ते. मोट, रेक्झिन, माईक. मित्रांत हसू फुटलं. एकजण म्हणाला, "मरू दे बन्सी, आज कुठं? सोळा वर्सं वाट बघितली ह्या दिसाची. तिला म्हनावं, समितीला अर्ज कर."

बन्सीही हसला. मग हसायचा थांबला.

"अठ्ठ्याहत्तरला घर पेटलं आमचं, तवा आयची म्हैस दावणीला व्हती," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "दावं सोडायला येळ भेटला नाय. गोदागंगंच्या काठापर्यंत पळालो, तोवर आवाज येत व्हता तिचा."

नानासाहेबांनी लाडू गिळला. तो घशात लागला असावा, कारण त्यांना पुन्हा खोकला आला.

"चला," बन्सी म्हणाला. "म्हशीसाठी येतो. तुमच्यासाठी नाय, ध्यानात ठेवा."

तो निघाला तशी हलगीही निघाली. क्रेनवर चढून, लोंबकळून, दहा-बारा जण. 'बाहेरील वस्तूंना प्रवेश नाही' ह्या पाटीला क्रेनचा धक्का लागला आणि पाटी आडवी झाली. गेटवरचा गडी सवयीनं म्हणाला, "औषध हाय."

सूर्य टेकला होता. हरणी दमली होती, नाक तेवढं पाण्यावर. क्रेनचा हूक खाली सोडला, पण पट्टा बांधायला खाली उतरणार कोण? बन्सीनं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी पतंगांकडं बघितलं, पण पतंगही आता खाली उतरत होते. मग बन्सीनं शर्ट काढला, भिंतीच्या खोबण्यांत पाय रोवत उतरला, पाण्यात शिरला, बुडी मारून पोटाखालून पट्टा काढला. वर त्याच्या दोस्तानं खटका ओढला.

हरणी उठली. आधी लाल टोपी, मग शिंगं, मग ती अख्खी, पाणी गाळत, चारी पाय लोंबत, माळ वाकडी. मांडवावरून ती हळूहळू फिरली. खालून काळ्या साड्या पांगल्या. सर्जेराव तेवढे भाषणाचे कागद गोळा करत वाकले होते. दुपारपासूनची भीती हरणीनं नेमकी तिथं मोकळी केली. मातीला परत द्यायचं ते सरांना मिळालं. त्या दिवशी रुमाल पुरला नाही.

जमिनीला पाय लागले तशी हरणीनं अंग झाडलं, हौदाशी गेली आणि पाणी प्यायली. दुपारपासून पाण्यात राहून तिला तहान लागली होती. हलगी वाजली. बानाबाईनं आपला भंडारा हवेत उधळला, तिकडून निळा आला, आणि हरणी दोन रंगांची झाली.

बन्सी अजून विहिरीतच होता. खालून ओरडला, "पानी गारगार लागतंय रे!" नाचून अंग तापलेलं, गुलालानं माखलेलं. त्यानं दोन हात मारले, एक चक्कर, दुसरी चक्कर, डोकं घासघासून धुतलं. पाण्यावर निळी साय पसरली. मग चूळ भरली आणि वर आला.

वसाहतीच्या बायका काठापासून मागं सरकल्या. आवडाबाईंच्या हातातला कुंकवाचा करंडा जिथल्या तिथं थांबला होता.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. बानाबाईला वाटलं, भंडारा उचलून झालाय, तरी आता पुन्हा काहीतरी निघणार. निघालंच. सर्जेरावांनी ठराव वाचला, की विहिरीच्या पाण्यात जंतू असण्याची शक्यता आहे, सबब ते पिण्यास अयोग्य.

"म्हशीचे जंतू?" बानाबाईनं विचारलं.

"सर्वसाधारण जंतू."

"हरणी तर रोज ह्याच हौदात तोंड घालती. विहिरीत मुतली असंल ती काल. ते तुमाला चालतं?"

सर्जेराव चष्मा पुसायला लागले. नानासाहेबांनी कोठीतली मोटार पुन्हा बसवली. बाहेरची वीज आत आली, तीन दिवस विहीर उपसली, तळ दिसला, गोंडे सापडले, रेक्झिनची पर्स सापडली. नवं पाणी झऱ्यातून आलं, काचेसारखं. ते उपशाचं पाणी रानात गेलं आणि हरभरा आणखी तरारला. तरीही त्या विहिरीचा एक घोट कुणी घेईना. साहेब जंतू म्हणत राहिले. शेवटी आवडाबाईंनीच ओट्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "उगी जंतू जंतू कशाला करता? म्हैस पडली त्याचं कुणाला काय वाटत नाही. तो आत पोहला, हे बोला की!"

सगळे उठून आपापल्या घरात गेले.

आणि स्वयंपूर्णा वसाहतीला टँकर सुरू झाला. एक दिवसाआड, शहरातून, डिझेल जाळत. टँकरवरचा पुंजाराम बन्सीच्याच गल्लीतला, त्याचा चुलतभाऊ. टाकीत उतरून, आतमध्ये अनवाणी उभा राहून, ती घासून काढायचा आणि मग भरून आणायचा. ते पाणी साहेब लोक उकळूनही घ्यायचे नाहीत. शहरातून आलेलं पाणी शुद्धच असतं.

आम्ही सगळे हे जाणून होतो. पुन्हा कुणीही बोललं नाही. तमाशा अजून चालूच होता.

फेब्रुवारी गेला तशी सूर्यचूल एकदाची चालायला लागली, पण तोवर वसाहत शिजायला लागली होती. टँकर कधी यायचा, कधी यायचा नाही. एकेक साहेब 'नातवाची परीक्षा' म्हणून शहराकडं सटकला. एप्रिलात नानासाहेबही गेले. जाताना म्हणाले, समाज अजून पुरता संपला नाही, थोडं थांबायला हरकत नाही. सर्जेरावांनी पेपरात लेख लिहिला, खेडी आता नैतिकदृष्ट्या तयार नाहीत म्हणून. हरणीला टेंपोत चढवायला गेले तर ती मागं चालायला लागली. तिच्या मागं कोणती विहीर आहे हे आठवून सगळ्यांनी तिला सोडून दिलं. ती राहिली बानाबाईकडं.

विहीरही राहिली. समितीला शब्दानं जी राखता आली नसती, ती विटाळानं राखली गेली. मेंढरं मे महिनाभर पोटभर प्यायली, एकही कोकरू गेलं नाही. मल्हाररावानं वाळूजची शिट्टी साहेबाला परत केली आणि वाडा सरकवायला आला. काळ्या पडलेल्या रानात त्या दोघांनी पावसाच्या आशेवर बाजरीची तयारी केली. रान नानासाहेबांचं, पण नानासाहेब त्या बाजूला फिरकत नाहीत. आले तर तहान लागायची भीती.

रविवारी बन्सी पोरं घेऊन पोहायला यायचा. पोरांना डबे बांधून पाण्यात सोडायचा आणि स्वतः काठावर पाय सोडून बसायचा. एकदा भर दुपारी पोरांनी वरून उड्या टाकून पाणी ढवळून काढलं, आणि मेंढरं हौदापाशी ताटकळत उभी. बानाबाई काठी घेऊन धावली.

"ए बन्सीच्या लेका! भायेर निघ! सारा गाळ उठवला! आधी मेंढरं पिऊ दे, मग माजा!"

"अवं मावशी, म्हैस पन तर आतच हाय!"

बानाबाईनं वाकून बघितलं. हरणी खरंच आत होती. साहेब लोक गेल्यावर बन्सीनं त्यांच्या ओट्यांचे दगड आणून विहिरीला एका बाजूनं उतरण केली होती, आणि तिला आता कुणी ढकलायची गरज नव्हती.

"तिला बी हाक भायेर," बानाबाई म्हणाली. "पाळी लावा म्हनावं."